भिंतीला पाणी कोण मारणार?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की हल्ली एका निराळ्या सहलीची जाहिरात दिसू लागते. परदेशात जा, एखाद्या गरीब वस्तीत शाळेची खोली बांधा, दोन आठवडे तिथल्या लोकांत राहा, जग पाहा आणि परतताना प्रमाणपत्र घेऊन या. युरोप-अमेरिकेतले विद्यार्थी असे आफ्रिकेत, नेपाळात, दक्षिण अमेरिकेत आणि आपल्याकडेही येतात. आपल्या मोठ्या शहरांतली काही मुलंही आता अशी बाहेर जाऊ लागली आहेत. आईवडील पैसे भरतात, पोरगा किंवा पोरगी फावडं हातात धरलेला फोटो पाठवते, घरात आनंद होतो. त्या आनंदावर पाणी टाकायचं माझ्या मनात नाही. पण प्रश्न विचारायला हवा. ज्या गावात ही मुलं जातात, त्या गावाला यातून काय मिळतं?

आपल्याला ही कल्पना तशी परकी नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या काळात, देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी एनएसएसचं शिबिर अनुभवलं आहे. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी. गावाबाहेर खणलेला चर, ओढ्यावर घातलेला बांध, शाळेच्या आवारात लावलेली झाडं. त्यातला एखादा बांध वर्षानुवर्षं टिकला आणि एखादा पहिल्याच पावसात वाहून गेला, हेही आपण पाहिलेलं आहे. दोन्ही बांध घालणारी मुलं सारख्याच उत्साहाची होती. मग फरक कुठे पडला?

त्यासाठी आधी साधी भिंत कशी उभी राहते, ते पाहू. विटेवर वीट ठेवली की भिंत होते, असं लांबून वाटतं. गवंड्याला विचारा. वीट आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा पोकळ राहतो. वरच्या थरातला उभा सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येता कामा नये. त्याला सांधेमोड म्हणतात. ती चुकली, तर भिंतीत वरपासून खालपर्यंत चीर जायला वाट मिळते. प्रत्येक दोन-तीन थरांनंतर ओळंबा धरून पाहावं लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सिमेंट वाळून घट्ट होत नसतं. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्या क्रियेने ते घट्ट होतं. म्हणून बांधकामाला किमान सात दिवस, कोरड्या आणि तापलेल्या हवेत त्याहून अधिक, पाणी मारत राहावं लागतं. हे काम न दिसणारं आहे. त्याचा फोटो कुणी काढत नाही. पण ते झालं नाही, तर वरून चांगली दिसणारी भिंत आतून भुसभुशीत राहते.

आता दोन आठवड्यांसाठी आलेला सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. थापी त्याने आयुष्यात पहिल्यांदा धरलेली असते. त्याचे पहिले दोन दिवस हवामानाशी जुळवून घेण्यात जातात. उरलेल्या दिवसांत त्याच्या हातून किती थर सरळ बसणार? पिपा बिडल नावाच्या अमेरिकन लेखिकेने २०१४ साली आपला अनुभव जाहीरपणे लिहिला. शाळेत असताना ती वर्गातल्या मुलींबरोबर टांझानियाला गेली होती. एका अनाथाश्रमात ग्रंथालय बांधायचं होतं. मुली दिवसभर विटा रचत. रात्री त्या झोपल्या, की गावातले गवंडी येत, दिवसभराचं वेडंवाकडं काम उतरवत आणि पुन्हा नीट बांधत. सकाळी मुलींना काही कळू नये, एवढी काळजीही ते घेत. तिच्या लेखाची जगभर चर्चा झाली. पुष्कळांनी तो वाचून हसण्यावारी नेला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मला त्यात रात्री जागणारे ते गवंडी दिसतात. पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून आपलं कसब अंधारात लपवणारी ती माणसं. काम त्यांचं आणि फोटोत मात्र ती नाहीत.

एका विमानाच्या तिकिटात अशा गवंड्याची महिनोन्‌महिन्यांची मजुरी निघू शकते. मग पैसेच पाठवावेत आणि मुलांनी घरी राहावं, असं कुणी म्हणेल. हिशेबाने ते बरोबर आहे. पण माणसाने माणसाच्या गावी जाऊन त्याच्याबरोबर घाम गाळावा, ही कल्पना या जाहिरातींहून फार जुनी आहे आणि तिचा जन्म हिशेबातून झालेला नाही. तिची गोष्ट सांगायची तर शंभर वर्षांहून मागे, फ्रान्समध्ये जावं लागेल.

पहिल्या महायुद्धात १९१६ साली व्हर्दून इथे दहा महिने लढाई चालली. दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तीन लाख माणसं तिथे मेली. आसपासची खेडी नकाशापुरती उरली. त्यांपैकी एन नावाच्या खेड्यात १९२० च्या हिवाळ्यात काही मंडळी कुदळ-फावडी घेऊन पोचली. त्यांचा म्होरक्या होता पिएर सेरेसोल. स्वित्झर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, शिक्षणाने इंजिनिअर, आणि लष्करासाठीचा कर भरायला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला. त्याच्या सोबत्यांत वेगवेगळ्या देशांचे लोक होते आणि त्यांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव उद्ध्वस्त केलं, त्यांच्यातलीच काही माणसं ते उभारायला आली होती. त्यांनी लाकडी घरं उभी केली, तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे बुजवले, रस्ते दुरुस्त केले. आज ज्याला ‘वर्क कॅम्प’ म्हणतात, त्याची सुरुवात इथून मानली जाते. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना यातूनच उभी राहिली आणि ती आजही काम करते आहे.

पण ही पहिली छावणी जेमतेम पाच महिने चालली. जर्मनांच्या हातून आपली घरं बांधून घ्यायला स्थानिक लोक तयार नव्हते. गावात त्यांना विरोध झाला आणि छावणी उठवावी लागली. मला या गोष्टीतला हा भाग फार मोलाचा वाटतो. सेवा करणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, नको म्हणण्याचा हक्क गावाचा असतो. ज्या आईचा मुलगा दोन-चार वर्षांपूर्वी मारला गेला, तिने कुणाच्या हातची वीट घ्यायची, हे तिनेच ठरवायचं. सेरेसोल भांडत बसला नाही. तो निघाला आणि पुढच्या कामाला लागला.

१९२७ च्या सप्टेंबरात ऱ्हाइन नदीने बांध फोडला आणि लिश्टनस्टाइन या चिमुकल्या देशातली शेतं वाळू-गोट्यांखाली गाडली गेली. १९२८ साली तिथे सातशेहून अधिक स्वयंसेवक आले. त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. काम एकच, शेतातला गाळ आणि दगड उपसायचे. याला कसब लागत नाही, हात लागतात. एवढ्या शेतकऱ्यांच्या शेतात एकाच वेळी एवढा राडा पडला होता, की गावातले हात पुरणारच नव्हते. सेरेसोलचा भाऊ लष्करातला अधिकारी होता. छावणीला शिस्त लावायला तो पुढे आला. लष्कराला विरोध करणारा एक भाऊ आणि लष्करी गणवेशातला दुसरा, दोघांनी मिळून ते चालवलं. स्वयंसेवकाला मजुरी नाही, फक्त जेवण आणि राहायला जागा. आणि एक नियम या चळवळीने पहिल्यापासून कटाक्षाने सांभाळला. जिथे स्थानिक मजुराची रोजी बुडेल, तिथे फुकट काम करायचं नाही.

हा नियम किती नाजूक आहे, ते पुढे वेल्समध्ये दिसलं. ब्रिनमाउर हे लोखंड आणि कोळशावर वाढलेलं गाव. भट्ट्या आणि खाणी बंद पडल्या आणि गावातले बहुतेक कामगार बेकार झाले. १९३१ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधले आणि युरोपातले विद्यार्थी तिथे आले. गावातल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर त्यांनी बाग आणि पोहण्याचा तलाव करायला घेतला. गावातले बेकार कामगारही त्यांच्याबरोबर काम करू लागले. पण कामगार चळवळीतल्या काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आज विद्यार्थी फुकट खणताहेत, उद्या आम्हालाही फुकट खणा म्हणतील, ही त्यांची शंका. ती रास्त होती. बेकाराच्या दारात जाऊन फुकट काम करणं, हे उपाशी माणसासमोर उपवासाचं कौतुक सांगण्यासारखं होऊ शकतं. तिथे हे निभावलं, कारण ती बाग कुणी ठेकेदार बांधणारच नव्हता, तिच्यामुळे कुणाची मजुरी जाणार नव्हती, आणि खड्ड्यात विद्यार्थ्याच्या शेजारी गावचा खाणकामगारही उभा होता. कुदळ कशी मारायची, हे त्यानेच विद्यार्थ्याला शिकवलं असणार.

हाच सेरेसोल पुढे आपल्या देशातही आला. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडे उतरले होते, तेव्हा दोघांची गाठ पडली होती. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. राजेंद्रप्रसाद तिथल्या मदतकार्याची धुरा सांभाळत होते. सेरेसोल मुजफ्फरपूर भागात पोचला आणि पुराच्या जागेतली खेडी हलवून नव्या जागी बसवण्याच्या कामात पडला. लिश्टनस्टाइनमध्ये सातशे माणसं आणणाऱ्या या माणसाने बिहारला युरोपातून फौज आणली नाही. मोजके सोबती आले. कारण उघड आहे. बिहारात हातांची वाण नव्हती. वाण होती ती पैशाची, आखणीची आणि विश्वासाची. त्याने हिंदी शिकायला घेतली. वयाची पन्नाशी त्याने तेव्हा ओलांडली होती. कुठे काय कमी आहे ते पाहून जायचं, एवढी अक्कल ज्या सेवेत असते, ती सेवा गावाला जड होत नाही.

आता विद्यार्थ्यांच्या एका फार मोठ्या मेळ्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाने युगोस्लाव्हियाची दैना केली होती. १९४७ साली तिथल्या तरुणांनी बोस्नियात शामात्स ते सारायेव्हो असा सुमारे २४० किलोमीटरचा लोहमार्ग बांधायला घेतला. एप्रिलमध्ये सुरुवात झाली आणि नोव्हेंबरात गाडी धावली. दोन लाखांहून अधिक तरुण-तरुणी त्यात होत्या. अनेक देशांतून काही हजार परदेशी तरुणही मदतीला गेले. ब्रिटिश तुकडीचा प्रमुख होता ई. पी. थॉम्पसन, म्हणजे पुढे इंग्लंडच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहून जगभर गाजलेला इतिहासकार. तेव्हा तो विशीतला होता. हाताशी यंत्रं फारशी नव्हती. पहार, कुदळ आणि हातगाडी. डोंगर फोडायचा, माती भरायची, भराव घालायचा. संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी, आणि ज्या खेडूत पोरांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी साक्षरतेचे वर्ग. त्या पोरांची एक घोषणा होती: आम्ही लोहमार्ग घडवतो, लोहमार्ग आम्हाला घडवतो.

त्यामागे एका पक्षाचं सरकार होतं आणि त्याचा प्रचारही होता, हे विसरून चालणार नाही. पण आपल्या मुद्द्यापुरतं पाहिलं, तर तिथे गेलेला परदेशी विद्यार्थी हा दाता नव्हता. दोन लाखांतला तो एक होता. मार्गाची आखणी इंजिनिअर करत होते, यजमान तिथलेच तरुण होते, आणि पाहुण्याच्या वाट्याला आलं होतं मातीकाम. म्हणजे नवशिक्याने करावं असंच काम. चुकलं तर कुणाच्या डोक्यावर छत कोसळणार नाही. तो निघून गेला तरी काम थांबणार नव्हतं, कारण ते ज्यांचं होतं ते तिथेच राहणार होते.

आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट तर याहून बोलकी आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंनी सहा कुष्ठरुग्णांना बरोबर घेऊन आनंदवन सुरू केलं. सुरुवातीच्या त्या वर्षांत गावाने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. रुग्णांनी कष्टाने पिकवलेली भाजी बाजारात गेली, तर तिला कुणी हात लावत नसे. त्याच काळात, १९५० च्या दशकात, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे वेगवेगळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले आणि त्यांनी इमारती उभारायला हातभार लावला. तीच व्हर्दूनच्या खड्ड्यांतून निघालेली संघटना. त्यांनी काय बांधलं, याला महत्त्व आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट बांधकामाबाहेर घडली. दूरदेशीची ही धडधाकट, शिकलेली मुलं कुष्ठरुग्णांच्या वस्तीत राहतात, त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात, तिथेच पिकलेलं खातात, हे वरोऱ्याने पाहिलं. लोकांच्या मनातली भीती ओसरायला त्याने मदत झाली. जे काम आनंदवनातल्या रुग्णांना स्वतःच्या कष्टाने करता येत नव्हतं, कारण लोक त्यांच्याकडे पाहायलाच तयार नव्हते, ते काम पाहुण्यांच्या ताटाने केलं. बाबांनी पुढे सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रभरची मुलं तिथे जाऊ लागली. तिच्या नावात ‘श्रम’ आणि ‘संस्कार’ असे दोन शब्द आहेत, ते उगीच नाहीत.

बाहेरून आलेला माणूस केव्हा उपयोगी पडतो, याचं एक जुनं उदाहरण आम्हा मुसलमानांच्या घरांत लहानपणापासून सांगितलं जातं. इसवी सन ६२७ मध्ये मदिनेवर मोठं सैन्य चालून येत होतं. तेव्हा सलमान फारसी या इराणी सोबत्याने सुचवलं, की शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणावा. इराणात ही रीत होती, अरबांना ती ठाऊक नव्हती. सलमान परका होता, पण त्याने आणलेली गोष्ट त्या गावाकडे नव्हती. आणि मग खणायला सगळे उतरले. खुद्द पैगंबरांनीही माती वाहिली, असं चरित्रकार सांगतात. परक्याने कल्पना दिली आणि गावाने ती आपली केली. आपल्या गाडगेबाबांची रीत आठवा. परगावी गेले, की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री. बोलण्याचा अधिकार त्यांनी दिवसभरात कमावलेला असे. आणि गाव झाडायला कसब लागत नाही, त्याने कुणाचा रोजगार जात नाही, दुसऱ्या दिवसापासून गावकऱ्यांनाही ते करता येतं. परगावात काय काम करावं, याचा यापेक्षा सोपा धडा मला माहीत नाही.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी परदेशात अशा कामाला निघालं असेल, तर त्याला अडवू नका. पण पैसे भरण्याआधी नेणाऱ्या संस्थेला चार प्रश्न जरूर विचारा. पहिला, हे काम कुणी मागितलं? गावाने, की सहलीच्या वेळापत्रकाने? दुसरा, कामावर मिस्त्री कोण? तो तिथलाच असावा, त्याला पुरती मजुरी मिळावी आणि आपल्या मुलांनी त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून राबावं. घमेलं उचलावं, वाळू चाळावी, विटा भिजवाव्यात, चर खणावेत. भिंतीला हात लावायचा तो मिस्त्रीने सांगितला तरच. तिसरा, आपल्या फुकट कामाने कुणाची रोजी तर बुडत नाही ना? आणि चौथा, मुलं परतल्यावर भिंतीला पाणी कोण मारणार? म्हणजे ती शाळा कुणाच्या ताब्यात राहणार, शिक्षकाचा पगार कोण देणार, पुढच्या पावसाळ्यात छप्पर गळलं तर कोण पाहणार? या चारही प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तर खुशाल जाऊ द्या. उत्तराऐवजी रंगीत माहितीपत्रक हाती आलं, तर समजा की ही सहल आहे. सहलीला जाण्यात पाप नाही. तिला सेवा म्हणू नये, एवढंच.

आणि जो जाईल त्याने तिथली भाषा थोडी तरी शिकावी. निदान मिस्त्रीला हाक कशी मारायची, पाणी कसं मागायचं, आभार कसे मानायचे, एवढं तरी. दोन आठवड्यांत भिंत बांधता येणार नाही, पण भिंत बांधणाऱ्याचं नाव नक्की विचारता येतं. त्याची मुलं किती, ती शाळेत जातात का, त्याने हे कसब कुणाकडून उचललं, हे विचारता येतं. परतल्यावर मुलाने घरात पहिलं नाव त्या मिस्त्रीचं घेतलं, तर आईवडिलांनी समजावं, की पैसे वाया गेले नाहीत. आणि मग एक दिवस आपल्याच इमारतीशेजारी उन्हात विटा वाहणाऱ्या माणसालाही त्याने तसंच नाव विचारावं. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)